मागेल तेवढं पाणी

ड्वेन रिकामा कॅन घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा नेल्डा खरकटी ताटली कागदाने पुसत होती. आधी पुसून घेतली की धुवायला कपभर पाणी पुरतं.

"थोडं पाणी मिळेल का? टॅमराला केस धुवायचेत."

अकरा वर्षं जिच्याशी संसार केला, तिच्याकडे नव्या बायकोच्या केसांसाठी पाणी मागायला त्याची जीभ अडखळली नाही.

"थोडं कशाला? दोन कॅन ने," नेल्डा म्हणाली.

ॲरिझोनाच्या त्या माळावर नळ नाही, गटार नाही, विजेचा खांब नाही. हिवाळ्यात म्हातारी माणसं आपापली गाडीघरं मोटारीमागे ओढत येतात. गावातून पाणी आणतात आणि थेंबाला जपत राहतात. घटस्फोटात नेल्डाच्या वाट्याला जुनं, गळकं गाडीघर आलं होतं. ते तिने इथं आणून लावलं. गळती बुजवली. शेजारी जोडले. संध्याकाळची शेकोटी आणि तिच्याभोवतीची माणसं, एवढाच आता तिचा गोतावळा होता. परत जायला दुसरं घर नव्हतं.

आणि या हिवाळ्यात ड्वेन कोरं करकरीत गाडीघर ओढत आला, तो नेमका तिच्या खिडकीसमोर थांबला.

पहिल्याच संध्याकाळी त्याने शेकोटी ताब्यात घेतली. "नेल्डाच्या घरातली अंघोळ म्हणजे बाप्तिस्मा," तो बिअरचा घोट घेऊन म्हणाला. "डोक्यावर तीन थेंब, आणि आमेन."

सगळे हसले. नेल्डाची जिवाभावाची मैत्रीण ओपल, तीही हसली, मग ओशाळून लाकडं सारायला लागली. दुसऱ्या संध्याकाळी नेल्डाच्या घोरण्याची गोष्ट झाली. तिसऱ्या संध्याकाळी तिच्या आईची. चौथ्या संध्याकाळी नेल्डा शेकोटीवर गेलीच नाही. पडद्याआड अंधारात बसून तिने स्वतःच्याच माणसांचं हसणं ऐकलं. मध्येच ड्वेनचा आवाज आला, "आम्ही मार्चपर्यंत आहोत बरं का."

तेव्हा तिने ठरवलं. दोघांपैकी एकाने हा माळ सोडायचा होता, आणि ती सोडणार नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून तिने पाणी द्यायला सुरुवात केली. तो एक कॅन मागायचा, ती दोन द्यायची. स्वतः ओल्या फडक्याने अंग पुसायची आणि त्याच्यासाठी गावात खेपा घालायची. माळावर तिचं कौतुक व्हायला लागलं. ओपलचा मात्र पारा चढला.

"अगं, तुला लाज आहे का? पाणी बंद कर. चार दिवसांत तोंड काळं करेल."

"पाणी बंद केलं तर तो गावातून आणेल आणि इथंच राहील," नेल्डा म्हणाली. "मला एक सांग. एवढं पाणी त्या घरात जातंय. बाहेर कुठं येतंय?"

ओपलने समोरच्या गाडीघराकडे पाहिलं. खाली एक थेंब नव्हता. वापरलेलं सगळं पाणी तिथल्या फरशीखालच्या टाकीत साठत होतं.

"ती टाकी रिकामी करायला गावात जावं लागतं. सगळं घर आवरून, गाडीला जोडून. इथं जमिनीवर सोडलं तर माळावर गस्त घालणारा रेंजर दंड ठोकतो. आमच्या घरात अकरा वर्षं ते काम मी केलं. त्याला वाटतं, पाणी आपोआप नाहीसं होतं. आणि एकदा हलवलेलं घर तो परत त्याच जागी आणून मांडत नाही. आळशी आहे मेला."

ओपल आपल्या गाडीघराकडे वळली. मग म्हणाली, "माझ्याकडचेही दोन कॅन घे."

शनिवारी सकाळी समोरच्या गाडीघरातून ड्वेनच्या शिव्या ऐकू आल्या. टाकी तुडुंब भरली होती. न्हाणीच्या जाळीतून काळपट, चिकट, आठवडाभराचं खरकटं पाणी उलटं वर येत होतं. नेल्डाने खुर्ची दारात ओढली आणि कॉफी ओतून घेतली. इतकी चवदार कॉफी तिने कित्येक वर्षांत प्यायली नव्हती.

तेवढ्यात दार उघडून टॅमरा बाहेर आली. केसांत फेस, अंगावर झगा, पायाला घोट्यापर्यंत घाण. ती तडक नेल्डाकडेच आली. नेल्डाने कप खाली ठेवला. सूड ड्वेनवर उगवायचा होता, आणि पाय या बाईचे भरले होते. ती उठली. कॉफीसाठी तापवलेलं उरलंसुरलं पाणी तिने घमेल्यात ओतलं.

"बस. पाय धुऊन घे," ती म्हणाली. मग तिला राहवलं नाही. "हे होणार, हे मला माहीत होतं गं."

टॅमराने घमेल्यात पाय बुडवले.

"मलाही," ती म्हणाली. "टाकी भरल्याचा लाल दिवा मंगळवारपासून पेटलाय. ड्वेनला दिसू नये म्हणून मी दिव्यावर टॉवेल टांगून ठेवलाय. इथून जाऊ या म्हणून किती विनवलं त्याला. तुम्हाला ठाऊकच आहे, तो कुणाचं किती ऐकतो ते. केस धुऊन धुऊन गळायला लागले माझे."

समोरून ड्वेन ओरडला की काही घाबरायचं कारण नाही, पुसून घेऊ, मार्चपर्यंत आरामात राहू.

टॅमराने झग्याआडून रिकामा कॅन काढला आणि नेल्डापुढे धरला.

"एवढा भरून द्या," ती हळूच म्हणाली. "घाण पाणी अजून गालिच्यापर्यंत पोचलेलं नाही."