देवापुढची साक्ष

कोर्टात गोदानं शपथेवर सांगितलं, भांडणात आपल्या पोराचा, केरूचा तोल गेला नि कोयती चुलत्याच्या मानेवर बसली. गोऱ्या जज्जानं पोराला तीनच वर्षं दिली. फाशी टळली, म्हणून ती नवस फेडायला रवळनाथाच्या देवळात गेली. गुरवानं नारळ उचलून बजावलं, “जा घडला ता खरा सांग. खोट्या माणसाचा नारळ देव घेत नाय.” देवाचा कोप पोरावर नको, म्हणून गोदा भरल्या देवळात बोलून गेली, “कोयतीला धार त्यानं आदल्या दिवशीच लावलेलीन.” मागं पोलीसपाटील उभा होता. शिक्षा फारच कमी, म्हणत सरकारनं मुंबईला अपील केलं. पाटलाची जबानी झाली, तिनाची दहा वर्षं झाली. जपून वाळवलेलं प्रसादाचं खोबरं घेऊन गोदा तुरुंगात गेली. केरूनं ते गजांतूनच परत ढकललं. “आये, कोर्टात खोटा बोललीस, मंग देवालाच खरा कशाला सांगितलास?”