शांत समुद्राची चिठ्ठी

दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी पुळिक्कडवू बंदरावरून फोन आला.

"मोळे, अगं पोरी, सकाळी पाठवलेला तुझा नवा प्रोग्राम इथं उघडतच नाही. जुन्यात कालचंच दिसतंय, समुद्र शांत," बंदरावरच्या इशारा केंद्रातला सेवेरियन म्हणाला.

तिरुवनंतपुरमच्या कार्यालयात जिन्सी खुर्चीत ताठ झाली. आजपासून लाटांचे इशारे नव्या पद्धतीने येत होते. जुन्या प्रोग्रामला ते वाचता येत नव्हते. आजचा इशारा चार मीटर लाटांचा होता.

"बोटी थांबवा, चेट्टा. मी सांगते ना." सेवेरियनला ती चेट्टा, म्हणजे दादा, म्हणायची.

"तू कोण? बोटवाले फक्त छापील चिठ्ठी मानतात. 'शांत'ची चिठ्ठी खिशात घालून बसलेत. चारला सुटणार."

पायथनमधला कोड बांधून त्याची एकच चालती फाइल करायची आणि बंदरांवरच्या लिनक्स संगणकांना पाठवायची, हे जिन्सीचं काम. नियम एवढाच की बांधणी सर्वांत जुनं लिनक्स असलेल्या संगणकावर करायची. जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालतं. नव्यावर बांधलेलं जुन्यावर नाही. त्यासाठी कार्यालयाने एक खटारा सांभाळला होता. त्याला सगळे अम्मूम्मा, म्हणजे आजी, म्हणत. सोमवारी त्याच्या संथपणाला कंटाळून जिन्सीने त्यात नवी डिस्क बसवली, नवं लिनक्स चढवलं. कुणाला विचारलं नाही. इतर बंदरांवर भागलं. बंदरांत पुळिक्कडवूच्या संगणकाचं लिनक्स सर्वांत जुनं, तिथं अडलं.

ती कार्यालयप्रमुख कुरियाकोस सरांपुढे जाऊन उभी राहिली आणि सगळं सांगितलं.

सरांनी चष्मा काढला. "म्हातारपणी आजीला नटवलंस. जुनी डिस्क?"

"भंगाराच्या खोक्यात."

"मग माझ्यापुढे काय उभी आहेस?"

डिस्क सापडली. तीन वाजून बारा मिनिटांनी खटारा जुन्या डिस्कवर सुरू झाला. बांधणी चालू असताना जिन्सी चारदा उठली, चारदा बसली. सरांनी तिच्यापुढे चहा ठेवला. त्यावर साय धरली. तीन बावन्नला फाइल बंदरावर पोचली.

"उघडा, चेट्टा."

"उघडतोय. कानात ओरडू नकोस."

फोनच्या पलीकडे बोटींची इंजिनं सुरू होऊ लागली. एक, मग दोन, मग मोजता येईनात. फोन टेबलावर आपटला. "थांबा रे, थांबा," करत सेवेरियनचा आवाज धक्क्याकडे लांब गेला.

"चेट्टा?"

तीन अठ्ठावन्नला फोनमधून प्रिंटरची खरखर ऐकू आली. नवा प्रोग्राम उघडला होता. चिठ्ठीवर काय छापलं गेलं, ते वाचायला केंद्रात कुणी नव्हतं.