तिसऱ्या अंकातलं पत्र

"एक शब्दही इकडचा तिकडे नाही?" मामांनी विचारलं.

"काना-मात्रासुद्धा नाही." बाईंनी वही मिटली, चष्मा काढला आणि डोळे चोळले.

नाटक कंपनीच्या सामानाची खोली ती. भिंतीशी भाले, लाकडी तलवारी, एका पायाने अधू झालेलं सिंहासन. मामा हे सगळं सांभाळायचे. त्यांच्या आधी त्यांचे वडील. बाई इतिहास शिकवायच्या, चांगली तीस वर्षं. आज सकाळी सरकारी दप्तरखान्यात त्यांनी शहराच्या जुन्या कारभाऱ्याचं मूळ पत्र वाचलं होतं, आणि दुपारी नाटकाच्या हस्तलिखिताशी ते ताडून बघायला इथे आल्या होत्या.

नाटक कोणाला माहीत नाही? साठ वर्षं चाललंय. शहराला शत्रूचा वेढा, आणि तिसऱ्या अंकात कारभारी शत्रूला लिहितो, 'पहाटे उत्तरेचा दरवाजा उघडा असेल. माझा वाटा विसरू नका.' प्रेक्षक अजून तिथे शिव्या घालतात. वेढा खरा होता. दरवाजा कोणीतरी उघडला हेही खरं होतं.

हा कारभारी म्हणजे बाईंच्या वडिलांचा खापरपणजोबा. नाटक आलं तेव्हा वडील बावीस वर्षांचे, लग्न ठरलेलं. दुसऱ्याच आठवड्यात मुलीकडच्यांचा नकार आला, आणि कोणीतरी दाराच्या कडीला गंजकी किल्ली बांधून गेलं. कचेरीत निवृत्त होईपर्यंत सगळे त्यांना 'किल्ली' म्हणत. बिचारे कधी चिडले नाहीत. फक्त या नाट्यगृहाच्या रस्त्याने जन्मात कधी गेले नाहीत.

परवा त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. "पोरी, नाटकवाले पदरचं घालतात गं," ते म्हणाले होते. "खरं पत्र काय म्हणतं, तेवढं मला आत नेण्याआधी सांग." चार वर्षं अर्ज करकरून बाईंना परवानगी मिळाली, ती नेमकी आज.

"मग आता काय सांगणार त्यांना?" मामांनी जपून विचारलं.

"सांगून मोकळी झाले. येताना फोन केला." बाई हसल्या, पण डोळे भरलेले. "जन्मभर पोरांना पुरावा दाखवा, पुरावा दाखवा म्हणून छळलं, आणि बापाला धडधडीत थाप मारली! म्हटलं, बाबा, नाटक साफ खोटं. कारभाऱ्यांनी शत्रूला नकार कळवला होता. बाबांनी दोनदा वदवून घेतलं माझ्याकडून. मग म्हणाले, 'मी म्हणत नव्हतो?' लहान मुलासारखे हसले हो."

"बरं केलंत. या वयात त्यांना तो पुरावा काय चाटायचाय?" मामांनी उगाच एक तलवार पुसायला घेतली. त्यांना फार वाईट वाटलं होतं. इतकी वर्षं त्या अंकाच्या टाळ्या ऐकून त्यांची छाती फुगायची.

विषय बदलावा म्हणून बाईंनी दोरीवर वाळत घातलेल्या कागदाला हात लावला. "हुबेहूब जुना दिसतो. दप्तरखान्यातल्या पत्राची कडही अश्शीच तपकिरी होती."

"चहाचं पाणी!" मामा खुलले. "नवा कागद त्यात बुडवायचा, की शंभर वर्षांनी म्हातारा. माझ्या वडिलांची युक्ती. पण त्यांच्यासारखा हात आम्हाला कुठला? थांबा, तुम्हाला त्यांचं काम दाखवतो."

त्यांनी पेटीतून दोन फळ्यांमध्ये दाबून ठेवलेलं एक पत्र काढलं.

"तिसऱ्या अंकातलं. नाटककारांनी खरं पत्र दोन दिवस मागून आणलं होतं. ते समोर ठेवून वडिलांनी हे बनवलं. तसाच शिक्का, तशाच घड्या. नाटककार मजकूर सांगत गेले, वडील उतरवत गेले. आधी कचेरीत लेखनिक होते ना, जुनी लिपी हातात बसलेली. तिसऱ्या दिवशी खरं पत्र परत. दोन हजार प्रयोग झाले, पण कागद बघा कसा आहे! आम्ही केलेले दोन प्रयोगांत गारद होतात."

"नको मामा. पाठ झालंय ते मला."

"पाठ तर आमच्या नटालाही आहे. तो कागदाकडे बघतसुद्धा नाही. आणि आम्हाला त्या लिपीतलं ओ की ठो कळत नाही. साठ वर्षांत कोणी वाचलेलं नाही हो हे. तुम्ही वाचा, माझ्या वडिलांच्या आत्म्याला बरं वाटेल."

म्हाताऱ्याचं मन कसं मोडायचं? बाई पत्र घेऊन खिडकीपाशी गेल्या. कागद जाड होता, सगळीकडे एकाच रंगाचा, आणि कडेला तपकिरी डाग म्हणून नव्हता. त्या वाचू लागल्या आणि मध्येच थांबल्या. चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला.

"काय झालं? चुकलंय का कुठे वडिलांचं?" मामांनी काळजीने विचारलं.

बाईंनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि वर्गात वाचायच्या तसं मोठ्याने वाचलं:

"दरवाजा उघडणार नाही. माझी दोन्ही मुलं तटावर उभी आहेत, तेच माझं उत्तर समजा."