घरटी दोन बाया

योगेश्वरीचं लक्षण रामबाईला धड दिसत नव्हतं. सकाळी सौंदडला गाडीत बसल्यापासून सून घुम्यासारखी गप्प. गोंदियात मोर्चा निघाला तरी दहा पावलं चालायची अन् मागं वळून पाहायची. उन्हाचा एवढा भडका, आणि हिच्या ब्लाऊजच्या बाह्या मनगटापर्यंत!

"पाय उचल ना वो," रामबाई करवादली. "बाया पोचल्या कुठं, अन् तू राहिली कुठं!"

"चालून तं राहिली ना, आई."

रामबाईनं तिचं मनगट धरलं ते सोडलंच नाही. लग्नाला चार वर्षं झाली, तेवढ्यात ही दोनदा पळाली होती. दोन्ही वेळा नवऱ्यानं, लोकेंद्रनं तिला बालाघाटच्या माहेराहून फरफटत आणली. चारचौघींत रामबाईची मान खाली गेली. अशा पोरीचा भरवसा काय धरायचा? ऐन वेळी काय करून बसेल, नेम नव्हता.

लोकेंद्र तर पाठवायलाच तयार नव्हता. "या वयात तुले मोर्चा कायले पाहिजे वो, माय?"

"बचत गटाचा हुकूम हाय. घरटी दोन बाया. नाही गेलो तं नाव कटते."

"मंग हिले नजरेआड नोको होऊ देऊ."

"मले शिकवतं का?"

पुढून माईकवर कोणी ओरडलं, "घर कोणाचं?"

"आमचं बी!" बाया गरजल्या. रामबाईचा आवाज सगळ्यांच्या वर. योगेश्वरीचे नुसते ओठ हलले.

तेवढ्यात फोन वाजला. लोकेंद्रच. "कुठं हाय ते?"

"हात धरून आहो तिचा."

"सोडू नोको. चारच्या गाडीवर मी सौंदडले टेशनात येतो."

"ये."

रामबाईनं पोलीसबाईला दोनदा वेळ विचारली. भाषणं सुरू झाली तशी तिनं सुनेला गर्दीतून बाहेर ओढलं.

"आई, आपल्या बाया तं अजून..."

"त्याइले बसू दे. गाडी चुकन."

स्टेशनच्या पुलावर योगेश्वरी मागं मागं राहू लागली. मधल्या पायरीवर ती थांबलीच. "आई, मले भेव लागून राहिलं."

रामबाईनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. ढकलतच तिला खाली नेली, डब्यात चढवली, खिडकीशी बसवली, वर सरकलेली बाही ओढून दंडावरचे काळेनिळे वळ झाकले. आणि आपण खाली उतरली.

गाडी सौंदडची नव्हती, दुर्गची होती.

"महिला मंडळाची चेतनाबाई घेवाले येईल," ती खिडकीतून म्हणाली. "तिथं लोकेंद्रच काय, त्याचा बापही पोचत नाही."

गाडीला हिसका बसला. योगेश्वरीनं सासूचा हात डोळ्यांना लावला. "येतो, आई."

"पळाचीही अक्कल नाही तुले," रामबाई म्हणाली. "दोनदा गेली, अन् दोनदा माहेरीच गेली! येतो नोको म्हणू, बाई. जातो म्हण."