वळणानंतरची टिकटिक

वळण झालं की इंडिकेटर आपोआप बंद व्हायला हवा. आमच्या जुन्या गाडीचा अकरा वर्षं होत नाही. मी बाजूला बसून ‘इंडिकेटर’ म्हणायचं, ह्यांनी मुकाट्याने बंद करायचा. मुलगी सासरी गेल्यापासून आमच्यात एवढंच बोलणं उरलंय. आज कंटाळून गाडी गॅरेजमध्ये आणायला लावली. हे बाहेर बाकावर बसले. मेकॅनिकने स्टिअरिंग उघडून दाखवलं, “स्टिअरिंग सरळ होताना ही खुंटी इंडिकेटरच्या दांडीला मागे ढकलते. तुमची झिजलेली नाही काकू, कुणीतरी कानशीने घासून काढलीय. काम मात्र सफाईदार.” हे निवृत्त फिटर, घरात कानस चालवणारा हात एकच. “नवीन बसवू?” “नको, राहू दे.” परतताना पहिलं वळण गेलं, टिकटिक चालूच. हे माझ्या शब्दाची वाट बघत होते. “दमलात का हो?” मी विचारलं. ह्यांनी इंडिकेटर स्वतःच बंद केला.