मोठ्या साहेबांचा शब्द

“माल विमानात चढणार नाही,” असे प्रणिता म्हणाली खरी. परंतु म्हणता म्हणता तिची नजर खाली वळली, आणि मलिहाबादच्या बागवानांनी ती नेमकी हेरली.

पॅकहाउसच्या अंगणात दशहरी आंब्याच्या पेट्या रचून ठेवल्या होत्या. परदेशी जाणारे फळ गरम पाण्याच्या टाकीत ठराविक काळ बुडवावे लागते. त्यायोगे सालीखाली दडलेली फळमाशीची अंडी मरतात. त्या सकाळी वीज डळमळली, पाणी मध्येच निवले, आणि कोणाच्या ध्यानात येण्यापूर्वी फळ बाहेर निघाले होते. पुन्हा बुडवावे, तर आंबा शिजणार. तसाच पाठवावा आणि एका फळात जरी अळी सापडली, तर अवघ्या मलिहाबादचा माल त्या देशाला वर्ज्य होणार. रोखून धरावा, तर वर्षभर पोटच्या पोरासारखे जपलेले फळ मंडीत मातीमोल होणार. तिन्ही वाटा वाईट होत्या; पॅकहाउसची प्रमुख म्हणून त्यांतली एक तिला निवडायची होती.

मागून कोणीतरी पुटपुटले, “बुख़ार मशीन को आया, छुट्टी आम को मिल रही है.” हशा पिकला. शमशाद ख़ाँ मात्र हसले नाहीत. बागवानांत ते वयाने आणि मानाने थोरले. छातीशी हात नेऊन ते अदबीने म्हणाले, “बिटिया, आपकी बात अपनी जगह. बड़े साहब ख़ुद आकर कह दें, तो सर-आँखों पर.”

प्रणिताला यात अपमान वाटला नाही. उलट सुटल्यासारखे वाटले.

बडे साहब म्हणजे मधुसूदनराव. गेल्या पावसाळ्यानंतर ते निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीवर सांगलीहून आलेली ही तरुण अधिकारी बसली. बसली, पण टेकली नाही. ही खुर्ची आपल्याला चुकून मिळाली आहे, आणि एक दिवस कोणीतरी हाताला धरून आपल्याला उठवील, ही धास्ती तिच्या मनातून क्षणभरही हलत नसे. म्हणून प्रत्येक निर्णयाआधी ती शहरात, विकास नगरला त्यांच्या घरी फोन लावी. रावांची रीत जुनी होती. प्रश्न घेऊन येणाऱ्याने उत्तरही सोबत आणावे, असा त्यांचा दंडक. “आधी तुमचं मत सांगा,” ते म्हणत. ती सांगे. “मग तसंच करा.” तो शब्द मिळाला की ‘साहेबांनी सांगितलंय’ एवढे म्हणून ती आज्ञा देई. या हंगामात आजवर काही बिघडले नव्हते. त्याचे सारे श्रेय तिने मनोमन रावांच्या पदरी घातले होते.

रावांना घेऊन येते, असे सांगून ती गाडीत बसली. वाटेत तिने एक निश्चयही केला: त्यांच्या पायाशी बसून सांगावे, की तुम्हीच परत या; मी आपली प्रयोगशाळेत बरी.

दार रावांच्या पत्नी मालिनीकाकूंनी उघडले. प्रणिताला पाहून त्या दचकल्या. राव इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत ताठ बसले होते. तिने वाकून नमस्कार केला. त्यांनी तोंडभरून आशीर्वाद दिला, आणि आपण कोणाकडच्या, असे सौजन्याने विचारले. सरांची थट्टा समजून तिने सकाळची हकीकत सांगायला घेतली. त्यांनी ती एकाग्रतेने ऐकली.

“आधी तुमचं मत सांगा.”

“माल थांबवावा, सर.”

“मग तसंच करा.”

“माझं कोणी ऐकत नाही, सर. आता तुम्हीच चला.”

राव पत्नीकडे वळले. त्यांच्या मुद्रेवर लहान मुलाचा गोंधळ होता. “कुठे जायचंय आपल्याला?”

काकूंनी तिला स्वयंपाकघरात नेले. ओट्याकडे तोंड करूनच त्या बोलल्या. “संक्रांतीपासून हे असं आहे. पॅकहाउस आठवत नाही. कधी कधी मीसुद्धा नाही. डॉक्टर म्हणतात, आता हे वाढतच जाणार.”

“पण फोनवर तर...”

“तेवढीच दोन वाक्यं राहिलीत गं त्यांच्यापाशी. तुझा फोन वाजला की मी त्यांना सदरा घालते. तेवढा वेळ माणूस ताठ बसतो. तुला सांगायला हवं होतं, कळतं मला. पण मग तू फोन केला नसतास.”

प्रणिता भिंतीला टेकली. मोहोरावरची फवारणी, गारपिटीनंतरची निवड, कच्ची फळे उतरवणाऱ्या ठेकेदाराला दाखवलेली बाहेरची वाट: एकेक निर्णय तिला आठवत गेला. फोनच्या पलीकडे कोणीच नव्हते. आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. आपण चुकलो तर ज्यांच्या आड उभे राहावे, असे या शहरात आता कोणी उरले नव्हते, एवढेच तिला लख्ख दिसले.

फोन वाजला. शमशाद ख़ाँ विचारत होते, बड़े साहब ने क्या फ़रमाया?

‘मना किया है’ एवढे तीन शब्द पुरे होते. बागवान मुकाट्याने पेट्या उचलून घरी गेले असते. ते शब्द तिच्या ओठांपर्यंत आलेही. बाहेरच्या खोलीतून राव काकूंना विचारीत होते, की घरात कोण आले आहे.

“उनसे नहीं पूछा, ख़ाँ साहब,” ती म्हणाली. “माल नहीं जाएगा. यह फ़ैसला मेरा है. और आज तक जो फ़ैसले उनके नाम से सुनाए, वे भी मेरे ही थे.”