चांदणी नदीला निघाली

क्रांतीनं स्कूटर दारात आणून चालू केली. चांदणीनं मानसुद्धा वर केली नाही.

करणार तरी कशी? गाडी चार्जिंगची, तिला ना आवाज ना धूर. आणि चांदणी रेडकू असल्यापासून एकाच आवाजामागं पळालेली, तिच्या मालकाच्या म्हणजे पिराजीच्या जुन्या राजदूत फटफटीच्या. उन्हाळ्यात रोज दुपार कलली की पुढं फटफटणारी राजदूत आणि मागं शिंगं उडवत पळणारी ही काळीभोर म्हैस, अशी वरात थेट पंचगंगेत जायची. कोल्हापुरात म्हशी अशाच पळतात, त्याचं कुणाला नवल नाही. पण होळीच्या आधी पिराजीच्या अंगावरून वारं गेलं आणि मुलानं, अमरसिंहनं, राजदूत भंगारात घातली. शेजारच्या ऋतुराजनं आपली नवीकोरी बुलेट आणून बघितली. चांदणीनं तिच्याकडं पाठ केली. दाव्याला धरून ओढलं तर ती रस्त्यातच बसायची, आणि रुसलेला जावई उठवणं एक वेळ सोपं, पण बसलेली म्हैस उठवणं अवघड.

आता वैशाख नुसता भाजून काढत होता. पाइपच्या पाण्यानं तिचं भागत नव्हतं. वैरण तशीच पडून राहायची, दूध आटत चाललेलं. कागलच्या कारखान्यात कामाला निघताना अमरसिंहनं सकाळीच सांगून टाकलं होतं, “आज नदीला गेली तर ठेवतो. न्हायतर उद्या गिऱ्हाईक येतंय, देऊन टाकू.”

क्रांतीला म्हशीची काळजी होतीच, पण सासऱ्याची जास्त होती. पिराजीचा लुळा पाय आता जोर धरू लागला होता. तोंड मात्र वाकडं झालं ते झालंच. त्या तोंडाला टॉवेल गुंडाळून तो दिवसभर गोठ्यात बसायचा. कुणी भेटायला आलं की भिंतीकडं वळायचा. चांदणी गेली तर हा माणूस गोठ्यापर्यंत तरी कशासाठी उठेल?

तिनं हताश होऊन स्कूटर बंद केली. तेवढ्यात मागून आवाज आला.

“फट्... फट्... फर्रर्र... फट्!”

चांदणीचे कान ताठ झाले. क्रांतीनं वळून बघितलं. टॉवेलाआडून पिराजी आवाज काढत होता. ओठाच्या ढिल्या बाजूनं हवा निसटत होती आणि त्यामुळेच की काय, हुबेहूब राजदूतच्या फाटक्या सायलेन्सरमधल्या फायरिंगसारखं वाजत होतं.

“आबा, बसा मागं!”

“आसलं तोंड घेऊन? गावातनं?”

“तोंड वाकडं असू दे. उद्या हिला नेत्यात, ते चालतंय व्हय तुमास्नी?”

पिराजी काठी टेकत आला आणि मागं बसला. पडू नये म्हणून क्रांतीनं त्याच्या तोंडावरचा टॉवेल सोडला आणि दोघांच्या कमरेभोवती आवळून बांधला. त्याला काही बोलायला सवडच दिली नाही.

निघाली वरात. पुढं मुकी स्कूटर, तिच्यावर फटफटणारा म्हातारा, मागं चांदणी. गल्लीतली पोरं ओरडली, “आबा, गियर टाका की!” आबांनी गियर टाकला. चांदणी अजून जोरात सुटली.

गंगावेशीच्या चौकात पिराजीची तालमीतली जुनी मंडळी कट्ट्यावर बसलेली दिसली, आणि आवाज एकदम बंद पडला. चांदणी भर रस्त्यात जागच्या जागी थांबली. तिच्यामागं पन्हाळ्याची एसटी अडकली, एसटीमागं रिक्षा. हॉर्नवर हॉर्न वाजायला लागले. क्रांतीला आरशात सासऱ्याची खाली घातलेली मान तेवढी दिसत होती. चांदणीनं पुढचे गुडघे दुमडायला सुरुवात केली.

“आबा, ही बसली तर संपलं बघा,” ती कळवळून म्हणाली.

कट्ट्यावरच्यांनी माना वळवल्या. बघून न बघितल्यासारखं करत होते बिचारे. गप्प बसली नाही ती एकटी धोंडुबाई. छत्रीखाली कलिंगडं विकणारी ही बाई बोलली की नदीपलीकडं ऐकू जातं.

“पिराजी! आरं, तोंड वाकडं झालंय की तुझं!”

इतक्या दिवसांत हे त्याच्यासमोर कुणीच बोललं नव्हतं. घरातलंसुद्धा.

पिराजीनं सावकाश मान वर केली. धोंडुबाईकडं बघितलं, मग कट्ट्यावरच्या एकेकाकडं.

“व्हय!” तो ओरडला. “एक बाजू बाद हाय. पर फायरिंग वरिजनल हाय!”

आणि भर चौकात त्यानं तोंडानंच किक मारली. चांदणी दुमडलेले गुडघे सोडवत उठली आणि नदीच्या उताराला लागली.